डब्ल्यू८जेके : तार गुंडाळून बघणारा माणूस

हॅम रेडिओवाले आपल्यातलं कुणी गेलं तर 'वारले' असं सहसा म्हणत नाहीत. 'सायलेंट की' झाले, म्हणतात. की म्हणजे मोर्स कोड पाठवायची कळ. ती शांत झाली, एवढाच त्याचा अर्थ. १८ जुलै २००४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेलावेअर नावाच्या गावात अशीच एक कळ शांत झाली. ती चालवणारा माणूस ९४ वर्षांचा होता. नाव जॉन क्राउस. हॅम मंडळी त्यांना डब्ल्यू८जेके म्हणून ओळखायची.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला असाल तर हे आडनाव तुमच्या ओळखीचं आहे. अँटेनाच्या विषयाला संदर्भग्रंथांची यादी असते, त्यात 'क्राउस' असतोच. लायब्ररीतली ती जाडजूड प्रत, कडा मळलेली, हेलिकल अँटेनाच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने केलेली खूण. परीक्षेत 'टीप लिहा' म्हणून पाच मार्कांना येणारी गोष्ट. माझी डिग्री टेलिकॉमची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचाच प्रवास. त्यामुळे क्राउस हा माझ्यासाठी बरेच दिवस एक पुस्तकच होता. पुढे त्या पुस्तकामागचा माणूस वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की आपण पाठ केलेली बरीचशी प्रकरणं या माणसाने आधी हाताने तार वाकवून करून बघितली होती.

मराठीत 'हौशी' हा शब्द जरा गमतीचा आहे. हौशी नाटक मंडळी म्हटलं की कौतुक येतं आणि त्याच्यासोबत थोडी सूटही येते. हौशी आहेत हो, चालायचंच. हॅम रेडिओला आपण हौशी रेडिओ म्हणतो, पण तिथे ही सूट नसते. परीक्षा द्यावी लागते, सरकारकडून लायसन्स घ्यावं लागतं, मग एक कॉलसाइन मिळतं. आपल्याकडची कॉलसाइन 'व्हीयू'ने सुरू होतात. या कामाचे पैसे घ्यायला मनाई असते. बदल्यात एक मोठी मुभा मिळते : स्वतः यंत्र बनवा, स्वतः अँटेना उभारा आणि हवेत सोडून बघा. संदेश गेला तर समोरून उत्तर येतं. नाही गेला तर शांतता. तुमच्या डिग्रीशी किंवा पदाशी त्या उत्तराला काही देणंघेणं नसतं.

क्राउस यांचा जन्म १९१० चा, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरचा. वडील तिथल्याच विद्यापीठात खनिजशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा शाळकरी वयातच रेडिओच्या नादाला लागला. १९३३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी मिशिगन विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच. डी. मिळवली. महामंदीचा काळ होता. त्या दिवसांत त्यांचं एक बोट प्रयोगशाळेत आणि दुसरं मोर्सच्या कळीवर, असं चाललं होतं. त्यांची पहिली नाव झालेली अँटेना या कळीच्या बाजूने आली.

गोष्ट १९३७ ची. एकाच अँटेनात दोन तारा वापरून सिग्नल एका दिशेला ढकलायचा असेल तर त्या तारा एकमेकींपासून बऱ्यापैकी लांब ठेवायच्या, निदान अर्ध्या तरंगलांबीएवढ्या, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. जवळ आणल्या तर दोघी एकमेकींना मारतील. ऐकायला पटण्यासारखंच आहे. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम लोकांच्या लाडक्या २० मीटर बँडवर, अर्धी तरंगलांबी म्हणजे १० मीटर. एवढं धूड छपरावर फिरवणार कसं? त्याच वर्षी जॉर्ज ब्राउन नावाच्या अभियंत्याचा एक शोधनिबंध आला. तारा जवळ आणल्या तरी काम होतं, उलट चांगलं होतं, असं त्यातलं गणित सांगत होतं. तो पुष्कळांनी वाचला असेल. क्राउस यांनी वाचला आणि अँटेना बांधली.

त्यांनी दोन तारा तरंगलांबीच्या आठव्या भागाइतक्या, म्हणजे २० मीटर बँडवर फक्त अडीच मीटर अंतरावर ठेवल्या आणि दोघींत उलट दिशेने वीज सोडली. वर-खाली बघितलं तर दोघींच्या लाटा खरोखरच एकमेकींना पुसून टाकतात. पण एका तारेकडून दुसरीकडे जाणाऱ्या रेषेत तसं होत नाही. पहिलीची लाट दुसरीपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या फरकाने दोघींची पूर्ण वजाबाकी होत नाही. जे उरतं ते पुढे आणि मागे, दोन्हीकडे नेमकेपणाने जातं. अँटेना लहान, स्वस्त, फिरवता येईल अशी झाली. साध्या हॅमच्या आवाक्यातली. मासिकांत तिचं वर्णन छापून आलं आणि लोकांनी ती आपापल्या घरी बांधली. तिला नाव पडलं ते 'क्राउस अँटेना' असं नाही. तिचं नाव पडलं डब्ल्यू८जेके बीम, थेट कॉलसाइनवरून. तेव्हा ते २७ वर्षांचे होते, म्हणजे साधारण माझ्या वयाचे.

पुढच्याच वर्षी त्यांनी कॉर्नर रिफ्लेक्टर आणला : काटकोनात दुमडलेला धातूचा पत्रा किंवा जाळी, आणि त्या कोपऱ्यात एक छोटी अँटेना. उघडं पुस्तक उभं ठेवावं तसं दिसतं. कोपरा सिग्नलला वळवून समोर फेकतो. अवघड वक्र पत्रे घडवायची गरज नाही, घडी घालता आली की झालं. क्राउस यांच्या कामात हे पुन्हा पुन्हा दिसतं. महागड्या आकाराच्या जागी ते असा आकार शोधतात, जो कुणालाही करता येईल.

मग युद्ध आलं. जर्मन चुंबकी सुरुंग पाण्याखाली दबा धरून असायचे आणि वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाचं चुंबकीय क्षेत्र ओळखून फुटायचे. जहाजाभोवती वीजवाहक केबल गुंडाळून ते क्षेत्र पुसून टाकायचं, या कामावर क्राउस अमेरिकी नौदलासाठी होते. नंतर हार्वर्डच्या रेडिओ संशोधन प्रयोगशाळेत शत्रूचे रडार निकामी करण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केलं. १९४६ मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात रुजू झाले, आणि त्याच वर्षी ती गोष्ट घडली जी मला या सगळ्या आयुष्यात सगळ्यात जास्त आवडते.

विद्यापीठात एका पाहुण्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान होतं. विषय होता ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. या नळीत तारेचं एक लांब वेटोळं असतं, स्प्रिंगसारखं. त्याच्यातून लाट पुढे सरकते आणि मधून इलेक्ट्रॉनांचा झोत जातो. व्याख्यान संपल्यावर क्राउस यांनी वक्त्याला गाठून विचारलं, असं वेटोळं अँटेना म्हणून वापरता येईल का? वक्त्याने सांगितलं, नाही, मी करून बघितलंय, चालत नाही.

आपल्या ऑफिसात असं उत्तर आलं की विषय संपतो. अनुभवी माणसाने सांगितलं, करून बघून सांगितलं, वर आणि ठामपणे सांगितलं. कोण कशाला पुन्हा हात घालेल? क्राउस यांना मात्र तो ठामपणाच खटकला. ते घरी गेले. तळघरात त्यांच्याकडे १२ सेंटीमीटर तरंगलांबीचा एक ऑसिलेटर होता. त्यांनी तारेचे सात वेढे गुंडाळले. प्रत्येक वेढ्याचा घेर एक तरंगलांबी, म्हणजे १२ सेंटीमीटर. व्यास चार सेंटीमीटरही भरत नाही, मुठीत मावेल एवढं वेटोळं. मागे धातूची चकती, आणि त्यातून केबलने सिग्नल दिला. वेटोळ्याच्या मोकळ्या टोकातून समोर सरळ, टोकदार झोत निघत होता. चालत होतं.

सगळी मेख घेरात होती. घेर तरंगलांबीपेक्षा खूपच कमी ठेवला तर वेटोळं बाजूला, चहूकडे सिग्नल फेकतं. वॉकी-टॉकीवरची रबरी काडी आतून अशीच असते. घेर एका तरंगलांबीच्या आसपास गेला की तेच वेटोळं अक्षाच्या दिशेने, बंदुकीच्या नळीतून निघावा तसा झोत सोडतं. आणि हे प्रकरण आश्चर्य वाटावं इतकं समजूतदार आहे : घेर तरंगलांबीच्या पाऊण पटीपासून सव्वा पटीच्या थोडं पुढपर्यंत कुठेही असला तरी चालतं. माप थोडं हुकलं तरी अँटेना रुसत नाही. हाताने बांधणाऱ्या माणसासाठी याहून चांगला गुण कुठला?

त्या वेटोळ्यातून निघणारी लाट साधी वर-खाली डोलत नाही. ती पुढे जाताना स्क्रूसारखी फिरते. याला वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात, टीप लिहिताना हा शब्द राहिला की अर्धा मार्क जायचा. कागदावर तो शब्द कोरडा वाटतो. पण विचार करा, उपग्रह आकाशात वळत असतो, त्याची लाट वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येताना स्वतःही थोडी पिळली जाते. सरळ तारेची अँटेना असेल तर दोन्ही टोकांचा कल जुळेलच याची खात्री नाही, आणि न जुळल्यास सिग्नल मार खातो. फिरणाऱ्या लाटेला कलाची पर्वा नसते. १९४६ मध्ये आकाशात एकही उपग्रह नव्हता. अकरा वर्षांनी ते जायला लागले, आणि हे वेटोळं त्यांच्यासाठी जणू तयार होऊन बसलं होतं. जीपीएसच्या उपग्रहांवर पृथ्वीकडे तोंड करून अशा वेटोळ्यांचे समूह बसवले गेले, सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये बारा-बारांचे. रस्ता शोधताना तुमच्या फोनला २०,००० किलोमीटरवरून जे ऐकू येतं, ती अशी फिरत आलेली लाट असते.

एक रात्र शोधाला लागली, पण समजून घ्यायला वर्षं. वेढे किती, त्यांच्यातलं अंतर किती, कोन किती, हे सगळं बदलून बदलून मोजत क्राउस यांनी तिचे नियम बसवले. १९५० मध्ये 'अँटेनाज' हे पुस्तक आलं. त्याची तिसरी आवृत्ती रोनाल्ड मारहेफ्का यांच्यासोबत २००२ मध्ये निघाली, तेव्हा क्राउस नव्वदी ओलांडून गेले होते. हे पुस्तक आता मी वाचतो तेव्हा मला त्यातली मापं वेगळी वाटतात. ती आकडेवारी कुणीतरी रात्री जागून मोजलेली आहे, हे कळल्यावर तिचा भार बदलतो.

क्राउस यांची नजर एव्हाना आकाशाकडे वळली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विद्यापीठात ९६ वेटोळ्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली आणि तिने आकाशातले रेडिओ स्रोत टिपले. याच दशकात त्यांनी एक अगदी हॅम पद्धतीचं काम केलं. उल्का वातावरणात शिरली की मागे विद्युतभारित हवेची रेघ सोडते. त्या रेघेवर आपटून लांबच्या स्टेशनचा सिग्नल काही सेकंद अचानक जोरात ऐकू येतो, हे हॅम मंडळींना माहीत असतं. स्पुटनिक-१ जानेवारी १९५८ मध्ये वातावरणात कोसळून जळाला. पडताना तोही अशी रेघ सोडेल आणि ती उल्केपेक्षा मोठी असेल, असा क्राउस यांचा अंदाज होता. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूव्ही नावाचं सरकारी स्टेशन आहे, ते दिवसरात्र अचूक वेळ सांगतं. क्राउस त्याचा सिग्नल ऐकत बसले. तो कधी, किती वेळ जोरात येतो याच्या नोंदींवरून त्यांनी उपग्रह तुकड्या-तुकड्यांनी कसा पडत गेला याची मांडणी केली. साधनं काय, तर एक रिसीव्हर, दुसऱ्याच कामासाठी चाललेलं एक स्टेशन, आणि ऐकण्याची सवय.

मग त्यांचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं. डेलावेअरजवळ, ओहायो वेस्लियन विद्यापीठाच्या जागेवर, १९५६ मध्ये त्यांनी एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारायला घेतली. तिला पुढे 'बिग इअर' म्हणू लागले, म्हणजे भला मोठा कान. मोठी तबकडी बनवून ती सगळ्या दिशांना फिरवायची तर पैसा पाण्यासारखा जातो. क्राउस यांनी फिरवायचं काम पृथ्वीवर सोपवलं. मैदानाच्या एका टोकाला सुमारे १०० मीटर रुंद, ३० मीटर उंच सपाट जाळी. तिचा कल तेवढा बदलता येतो. दुसऱ्या टोकाला न हलणारी वक्र जाळी. दोन्हींच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची जमीन, तीन फुटबॉल मैदानांपेक्षा मोठी. सपाट जाळी आकाशाचा एक पट्टा निवडते, ती लाट समोरच्या वक्र जाळीवर टाकते, ती गोळा करून रिसीव्हरमध्ये पाठवते. पृथ्वी फिरते तसा पट्टा आपोआप पुढून सरकत जातो. बांधकामात विद्यार्थ्यांचे हात होते, अर्धवेळ काम करणाऱ्या पोरांचे. १९६३ मध्ये ती सुरू झाली. तिने आकाशाचा सर्व्हे करून जवळपास २०,००० रेडिओ स्रोतांची नोंद केली. १९७३ मध्ये त्या काळी सर्वांत दूरचे म्हणून ओळखले गेलेले दोन क्वेझार याच यादीतले होते.

आणि मग पैसे थांबले. १९७२ मध्ये सरकारी अनुदान बंद झालं, सर्व्हेचं काम आटोपलं. पगारी माणसं गेली. दुर्बीण भंगारात काढायचं हे अगदी योग्य निमित्त होतं. पण बॉब डिक्सन यांच्या पुढाकाराने तिला नवं काम मिळालं : परग्रहावरून कुणी बोलतंय का ते ऐकायचं. १९७३ पासून वीसहून जास्त वर्षं ते चाललं, आणि बरंचसं स्वयंसेवकांच्या जिवावर. म्हणजे पुन्हा हौशी लोक.

त्यांतले एक जेरी एमन. यंत्रावर आयबीएम ११३० संगणक होता, आजच्या कुठल्याही फोनपुढे अगदीच किरकोळ. डिक्सन आणि एमन यांनी त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मला एका सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने फार देखणा वाटतो. ५० चॅनेल, म्हणून कागदावर ५० रकाने. दर १२ सेकंदांनी एक ओळ. प्रत्येक रकान्यात एकच अक्षर मावणार, मग मोठा आकडा दाखवायचा कसा? १ ते ९ नंतर इंग्रजी मुळाक्षरं : १० ला ए, ११ ला बी, असं पुढे. सिग्नल नसेल तिथे रिकामी जागा. त्यामुळे पानभर पांढरं आणि मध्ये मध्ये १, २. १५ ऑगस्ट १९७७ च्या रात्रीचा कागद एमन काही दिवसांनी घरी चाळत बसले होते. एका रकान्यात वरून खाली वाचलं तर : ६, ई, क्यू, यू, जे, ५. यू म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या ३० पट जोर. सहा ओळी, ७२ सेकंद. एखादा स्रोत बिग इअरच्या पुढून सरकायला बरोबर तेवढाच वेळ लागतो. चढत गेलेला आणि उतरत गेलेला, आकाशातून यावा तसा सिग्नल. एमन यांनी लाल पेनने भोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं : 'वॉव!'

तो सिग्नल पुन्हा कधी आला नाही. पुढे कितीतरी वेळा त्याच दिशेला कान लावले गेले. परग्रहवासी होते असं त्या मंडळींनी कधी जाहीर केलं नाही. जे मोजलं ते मांडलं, आणि ऐकत राहिले.

बिग इअरखालची जमीन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विकली गेली होती. शेजारी गोल्फ कोर्स होता, त्याला जागा वाढवायची होती. दुर्बीण काही वर्षं तगून राहिली, पण १९९८ मध्ये ती पाडली. क्राउस तेव्हा ८८ वर्षांचे होते आणि त्याच गावात राहत होते. आपण पोरांना घेऊन उभं केलेलं यंत्र आपल्या डोळ्यांदेखत पाडलं जाणं काय असतं, याची कल्पना करवत नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रेडिओ सिग्नलची जागा बघायला आज कुणी गेलं, तर तिथे हिरवळ आणि घरं सापडतील.

तरी त्यांचं काम जागेला बांधलेलं नव्हतं, म्हणून ते उरलं. वेटोळं गुंडाळायला जमीन लागत नाही, अनुदान लागत नाही. तारेचा एक तुकडा, फूटपट्टी आणि कुणीतरी 'चालत नाही' म्हटलेली एक गोष्ट, एवढं पुरतं. हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा उधळ्या माणसाला टोमणा म्हणून. क्राउस यांच्या बाबतीत मला तो हिशोब सरळ लागतो. ज्या कामांचे त्यांना पगार मिळाले ती कामंही त्यांनी हौशी माणसाच्या सवयीने केली : स्वस्त आकार शोधायचा, स्वतः बांधायचा, हवेत सोडायचा आणि उत्तर ऐकायचं.

दोन हॅम पहिल्यांदा बोलतात तेव्हा एक ठरलेला क्रम असतो. नाव, गाव, सिग्नल कसा येतोय, हवा कशी आहे, यंत्र कुठलं आणि अँटेना कुठली. २० मीटरवर आजही कुठेतरी कुणीतरी अडीच मीटर अंतरावर दोन तारा ताणून बसलेलं असतं. समोरचा अँटेना विचारतो, आणि तो सांगतो : डब्ल्यू८जेके.